पन्नास सायकलचा केदार

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला जवळजवळ हाकलूनच दिलं, आणि माझं वागणंही त्याच लायकीचं होतं. मला फक्त चार मिनिटं तोंड बंद ठेवायचं होतं. चार मिनिटं! तेवढंही जमलं नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी अमिता. सांवेर रोडला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी येतात, मी आतली काळी पडलेली तार उपसून काढते, नवी तांब्याची भरते, मोटर चालू करते आणि कान लावते. वडील हेच करायचे. हात तारेत आणि एका कानात गाणं, अशी वीस वर्षं गेली. गाणं मला कुणी शिकवलं नाही. सा कुठे असतो तो माझा मी शोधला. त्यामुळे कुणी विचारलं की "तालीम कुणाकडे झाली आपली?" की माझं डोकंच सरकतं. कान लावायला पण मार्कशीट आणायची का?

विजय नगरात, प्रतापरावांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी दहाला बैठक असते. प्रतापराव शहात्तर वर्षांचे, वीज मंडळातून मोठे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे तुम्ही चपला काढेपर्यंत कळतं. त्यांच्या उजव्या हाताला अप्पासाहेब, संस्कृतचे रिटायर्ड मास्तर. घराणं कळल्याशिवाय त्यांना गाणं ऐकूच येत नाही. डाव्या हाताला पियुष, तिशीतला सॉफ्टवेअरवाला, मांडीवर कायम लॅपटॉप. त्याच्या बिल्डिंगच्या पंपाची मोटर मी भरत होते तेव्हा माझ्या मोबाइलवर तोडी चालू होती. हा पठ्ठ्या मोटर विसरून तिथेच उकिडवा बसला. "दीदी, तुम्ही रविवारी फ्री असता का?" त्याच्यामुळे मी तिथे पोचले.

आणि इंदुमतीकाकू. प्रतापरावांच्या पत्नी. त्या बैठकीत नसतात, स्वयंपाकघरात असतात. पोहे, चहा, पुन्हा चहा.

बैठकीत प्रश्न एकच: "सध्या काय लागलंय?" दारू लागते तसं. हल्ली जे डोक्यातून जात नाही असं एक रेकॉर्डिंग प्रत्येकाने लावायचं. गाणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं, मग ओळखायचं. नवीन माणसाला तीन रविवारची परीक्षा. तिसऱ्या रविवारी त्याने आपलं काहीतरी ऐकवायचं, आणि तिघांचे हात वर गेले तर त्याला हार्ड डिस्क मिळते.

ही डिस्क म्हणजे काय चीज आहे ते ऐका. अकराशे तास. लोकांच्या दिवाणखान्यांत, गणपतीच्या मांडवांत, लग्नाच्या आदल्या दिवशी झालेल्या मैफली. नेटवर शोधा, मिळणार नाहीत. प्रतापराव ती जांभळ्या मखमली बटव्यात ठेवतात आणि बटवा टीपॉयवर असा ठेवतात की नजर तिथेच जावी. मला ती डिस्क इतकी हवी होती की शनिवारी मी एका मोटरीत उलट्या फेऱ्यांनी तार भरून ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

तर तो तिसरा रविवार. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मला फ्रिजशेजारी बसवलं. हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मधे नुसता ओटा. काकूंचा फ्रिज जुना, दणकट, सुरू झाला की घुमणारा.

पियुषने एक सरोद ऐकवलं. अप्पासाहेबांनी एक ठुमरी ऐकवली आणि स्वतःच रडले. मग माझी पाळी. मी यमुनाबाईंची तोडी लावली, बेटम्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मिळालेली. यमुनाबाई कोण, कुठल्या, कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. सात मिनिटं बाई नुसत्या गांधाराभोवती फिरतात.

संपल्यावर अप्पासाहेबांनी डोळे उघडले. "घराणं?"

"माहीत नाही."

"गुरू?"

"माहीत नाही."

"मग तुम्हाला यात आवडलं काय?"

"या बाईला घाई नाही," मी म्हटलं. "आणि कुणाला दाखवायचं पण नाहीये."

पियुषचा हात आधीच वर होता. "अरे भिया, क्या बात है! मी तर म्हणतो एक और बार लावा." प्रतापरावांनी मान डोलावली, हात वर केला. अप्पासाहेबांनी शाल सावरली, चष्मा पुसला, छताकडे पाहिलं, आणि तिकीट तपासनिसाला पास दाखवावा तशी दोन बोटं वर केली. झालं! तीन हात! मला उठून नाचावंसं वाटलं.

"आता आरती," प्रतापराव म्हणाले. "मग बटवा तुमचा."

आरती म्हणजे देवाची नाही. बैठक संपवताना दर रविवारी विश्वंभरबुवांच्या केदारची चार मिनिटं लावतात. बुवांनी सत्तराव्या वर्षी, एकोणीसशे त्र्याहत्तर साली, एका वकिलाच्या दिवाणखान्यात गायलेला केदार. प्रतापरावांना त्याची कॅसेट बावीस वर्षांपूर्वी मिळाली आणि तेव्हापासून ते त्या कॅसेटचे पुजारी. एरवी राग तासाभराने चुकला तर अप्पासाहेब कानावर हात ठेवतात, पण रात्रीचा केदार सकाळी अकराला त्यांना चालतो. बुवांना सगळं माफ.

या केदारबद्दल दोन चमत्कार सांगतात. पहिला, बुवा जन्मभर पेटीच्या काळी एक पट्टीत गायले आणि इथे मात्र काळी दोन. सत्तरीत माणसाची पट्टी उतरते, बुवांची चढली! यावर प्रतापरावांनी 'उत्तरायुष्यातील स्वरारोह' नावाची चोवीस पानी पुस्तिका लिहून छापली आहे. दुसरा चमत्कार, शेवटची तान. एका दमात एकोणीस सेकंद. पियुषने मोजलीये.

आणि बुवांच्या मागे एक बारीक घूंऽऽ आहे, सगळी चार मिनिटं. अप्पासाहेब तिला 'काळाची घरघर' म्हणतात. ट्यूबलाइटचा चोक आहे तो! काळाची घरघर म्हणे.

केदार सुरू झाला. सगळ्यांचे डोळे मिटले. प्रतापरावांचे हात जोडलेले. बटवा माझ्यापासून दोन हातांवर. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे फ्रिज सुरू झाला.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ यातून झाला. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे. तिच्यावर जे जे घुमतं, चोक, ट्रान्सफॉर्मर, जुना फ्रिज, ते सगळं एकाच सुरात घुमतं. पेटीवर पांढरी पाच दाबा, तिच्या केसभर वर. माझ्या दुकानात दिवसभर हाच सूर असतो. माझ्या हाडात बसलाय तो. आणि इथे एका कानात फ्रिज घुमतोय आणि दुसऱ्या कानात बुवांच्या दिवाणखान्यातला चोक घुमतोय, आणि दोघं जुळत नाहीत! चोक चढा. चांगले दोन सूर चढा, म्हणजे पन्नासाच्या जागी छप्पन सायकल.

मी दात आवळले. म्हटलं, अमिता, गप्प बस. अकराशे तास. बटवा घे, घरी जा, मग काय बोंब मारायची ती मार. तीन मिनिटं राहिली. दोन राहिली. तान सुरू झाली. अप्पासाहेबांच्या तोंडून "आहाहा" निघालं.

"काका," मी म्हटलं, "फ्रिज खोटं बोलतोय की बुवा?"

बावीस वर्षांत त्या तानेवर कुणी बोललं नव्हतं. पियुषने घाबरून गाणं थांबवलं. तीन जोड्या डोळे माझ्यावर.

"काय म्हणालात?" प्रतापराव.

"टेप फास्ट आहे काका. रेकॉर्डिंग करताना मशीनचे सेल दमले असणार. टेप हळू फिरली. मग तुम्ही चांगल्या मशीनवर लावली, ती पळायला लागली. पट्टी बुवांची नाही चढली. कॅसेटची चढलीये."

"बाई!" अप्पासाहेब उभे राहिले. शाल खाली पडली. "बाई, तुम्हाला कल्पना आहे, तुम्ही कुणाबद्दल बोलताय?"

"मी सेलबद्दल बोलतेय."

"ज्याच्या गळ्यात साक्षात..."

"त्याच्या गळ्याला मी काही म्हटलंच नाही! चोक बघा ना. चोक पण त्या दिवशी भावसमाधीत गेला होता का? त्याचाही स्वरारोह झाला?"

पियुषच्या तोंडून फिस्स झालं. त्याने लगेच खोकल्याचं नाटक केलं.

प्रतापराव उठले. बटवा उचलला, भिंतीतल्या कपाटात ठेवला, किल्ली फिरवली, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. किल्लीचा तो कट्ट आवाज मला अजून ऐकू येतो. "बैठक संपली," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडू आलं की माझा भडका उडतो. "संपवा," मी म्हटलं. "पण काका, हे मास्तर आहेत, यांना माफ. पियुष पोरगा आहे, त्याच्या घरात सगळं इन्व्हर्टरवालं, घुमतच नाही. तुम्ही? तुम्ही अडतीस वर्षं या शहराला पन्नास सायकल पुरवलीत! तुमच्या घरी दर रविवारी छप्पन सायकलचा चोक वाजतो आणि तुम्ही हात जोडून बसता?"

यावर ते मला धक्के मारून बाहेर काढतील असं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. इंजिनिअर हलला. ते हळूहळू फ्रिजपाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्या पांढऱ्या दारावर त्यांनी कान ठेवला.

"पियुष," ते तसेच म्हणाले, "लाव परत."

पियुषने लावलं. आम्ही वाट पाहत राहिलो. होळकरांच्या फौजेतल्या खापरपणजोबांचा वंशज फ्रिजला मिठी मारून उभा.

"छप्पन," ते शेवटी म्हणाले, इतक्या बारीक आवाजात की जणू लाइन गेल्याची कबुली देतायत. "पोरगी बरोबर बोलतेय. छप्पनच्या आसपास आहे."

मग जो काही दंगा झाला तो मला सांगताही येत नाही! पियुषने फाइल लॅपटॉपवर घेतली आणि वेग कमी करायला लागला. मी एक कान फ्रिजला लावून हात वर धरून ओरडतेय, "अजून खाली! अजून! थोडं... अरे पुढे गेलास, मागे ये! बस्स!" दुसऱ्या बाजूने प्रतापरावांचा कान फ्रिजला, ते म्हणतायत, "किंचित अजून." आणि अप्पासाहेब, जे कोपऱ्यात रुसून बसले होते, त्यांनी कुणी न सांगता मोबाइलवर तानपुरा लावला, एकेक पट्टी बदलत गेले आणि एकदम ओरडले, "काळी एक! अरे, काळी एक आली! हे तर आपले बुवा!"

"हो ना!" मी ओरडले. "तेच तर सांगतेय! मी बुवा पळवले नाहीत, परत आणले!"

आणि खरंच आले हो. आधी जो आवाज पातळ, चकचकीत होता, तो आता दाणेदार झाला, सत्तर वर्षांचा झाला. श्वास ऐकू यायला लागला. शब्दाच्या शेवटी थकवा होता आणि त्या थकव्यावर बसून बुवा हसत होते, असं गाणं. पियुष म्हणाला, "यार, हे तर दस गुना बेटर आहे." प्रतापराव खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले नाहीत. पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी ऐकलं असेल.

"पण तान!" अप्पासाहेबांनी बोट उगारलं. "वेग कमी केला म्हणजे तान लांबली की! एकोणिसाची एकवीस झाली! आता बोला!"

"एकवीस सेकंद कोणताच माणूस घेत नाही," मी म्हटलं.

"बुवा घेतात!"

"लाव रे तान," प्रतापराव म्हणाले.

तान लागली. चढली, तार षड्जाला टेकली, आणि तिथे, अर्ध्यावर, बुवांचा आवाज श्वासासाठी सुटला. सुटला आणि दुसऱ्या आवाजाने ती तान तिथल्या तिथे झेलली. बाईच्या आवाजाने. कोवळा, धीट, एकदम नेमका. तिने तान वर नेली, फिरवली आणि समेवर बुवांच्या हातात परत दिली. फास्ट होतं तेव्हा बुवांचा आवाज इतका पातळ झाला होता की दोघं एकच वाटायचे. आता मधली शिवण स्पष्ट दिसत होती.

पियुषने लॅपटॉपवरून मान वर केली.

"अय्या," ओट्यापलीकडून आवाज आला. "हे तर माझं आहे."

इंदुमतीकाकू पोह्यांची परात घेऊन उभ्या होत्या. एका हातात पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची डबी.

"तुझं काय?" प्रतापराव.

"ती तान. त्या दिवशी बुवांना खोकला होता. मला आधीच म्हणाले होते, इंदू, मी टेकलो की तू घे." काकूंनी परात ओट्यावर ठेवली. "मी वीस वर्षांची होते."

"पण तू... तू तर तंबोऱ्यावर होतीस!"

"तंबोऱ्यावर बसणाऱ्याला तोंड नसतं का हो?"

हे मी म्हणायला हवं होतं, काकूंनी म्हटलं. प्रतापराव बावीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने सांगायचे, "हिने बुवांमागे तंबोरा धरलाय." पहिल्या रविवारी मलाही सांगितलं होतं. तू गायलीस का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मग काकू, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" पियुष.

"मला काय माहीत ती मीच आहे म्हणून? माझा आवाज असा किरटा कधीच नव्हता." काकू पदराने हात पुसत हॉलमध्ये आल्या. "मला वाटायचं, लग्न होऊन मी गेल्यावर बुवांनी दुसरी कुणी पातळ आवाजाची पोरगी मागे बसवली असेल. साल तुम्ही लोकांनी चुकीचं लिहिलं असेल. खरं सांगू? बावीस वर्षं मी त्या पोरीवर जळतेय. दर रविवारी ती तान आली की मी मुद्दाम मिक्सर लावायचे."

"म्हणजे," मला राहवेना, "म्हणजे तुम्हाला त्या तानेत दोन आवाज ऐकू यायचे?"

"हो! त्यात काय? सगळ्यांनाच येत असतील ना?"

मी प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी अप्पासाहेबांकडे पाहिलं. अप्पासाहेबांनी शालीकडे पाहिलं. तीन दिग्गज, चोवीस पानी पुस्तिका, एकोणीस सेकंदांचा हिशोब, घराणं, गुरू, परंपरा, आणि दोन आवाज आहेत हे फक्त पोहे परतणाऱ्या बाईला कळलं होतं, ते पण एक्झॉस्ट फॅन चालू असताना! माझ्या तोंडात जे जे आलं होतं ते सगळं मी बोलणारच होते. शपथ. पण काकू हसायला लागल्या.

काय हसल्या! आधी बारीक, मग ओट्याला धरून. "अगं बाई, मी माझ्यावरच जळत होते!" मग पियुष फुटला, मग मी. अप्पासाहेब "हे काही हसण्यासारखं..." म्हणता म्हणता स्वतःच खिंकाळले. प्रतापराव शेवटी. त्यांचं हसू पोटातून आलं आणि थांबेचना, त्यांना पाणी द्यावं लागलं. "तीनशे छापल्या," ते म्हणत होते, "दोनशे साठ पलंगाखाली पडल्यात... स्वरारोह... अरे देवा, स्वरारोह!"

डोळे पुसून ते उठले. आपली मधली, गादीवाली खुर्ची त्यांनी ओढून काढली. "बस," काकूंना म्हणाले. काकू बसेनात. "पोहे गार होतायत." "होऊ देत. बस, इंदू." काकू बसल्या. प्रतापराव माझ्या फ्रिजजवळच्या स्टुलावर बसले, घसा साफ केला, आणि अगदी नियमाप्रमाणे विचारलं, "सध्या काय लागलंय?"

काकू लाजल्या. बहात्तर वर्षांची बाई अशी लाजते हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग पदराखालून मोबाइल काढला. "हे लागलंय. महिना झाला. डोळे मिटा."

आम्ही डोळे मिटले. एक अगदी लहान आवाज पलटे म्हणत होता. तिसऱ्या पलट्यात निषाद चुकायचा, मग खुदकन हसू, परत पहिल्यापासून. परत तिथेच चूक. परत हसू. पाचव्या वेळी निषाद बरोबर लागला आणि पलीकडे त्या आवाजाने स्वतःच स्वतःला "वाऽऽह" म्हटलं.

"ओळखा," काकू म्हणाल्या.

अप्पासाहेबांनी तोंड उघडलं. घराणं ओठांवर आलं होतं, मला दिसलं. त्यांनी तोंड मिटलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. मी त्यांना तिथल्या तिथे सगळं माफ केलं.

"वरच्या मजल्यावरची खुशी," काकू म्हणाल्या. "नऊ वर्षांची. मी बाल्कनीतून रेकॉर्ड केलंय."

प्रतापरावांनी खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं. "मघाशी तीन हात होते," ते म्हणाले, "ते आता धरत नाही. परत घेऊ. अमिताबाईंना डिस्क द्यायची का?" पियुषने दोन्ही हात वर केले. अप्पासाहेबांनी या वेळी पूर्ण हात वर केला, बगलेपासून. प्रतापरावांनी केला. आणि मग सगळे काकूंकडे बघायला लागलो, कारण त्या खुर्चीत आता त्या होत्या.

"एका अटीवर," काकू म्हणाल्या. "अकराशे तास आहेत ना? प्रत्येकाची घरघर तपासायची. अजून कुणाकुणाला पळवलंय यांनी, देव जाणे."

बटवा माझ्या हातात आला. कॉपी नाही, तीच डिस्क, जांभळ्या मखमलीसकट. मी पोहे खाल्ले की नाही आठवत नाही. स्कूटरवरून सांवेर रोडपर्यंत मी मोठमोठ्याने केदार म्हणत गेले, वाईट आवाजात, सिग्नलवर सुद्धा. एका ऑटोवाल्याने विचारलं, "क्या हुआ दीदी, लॉटरी लगी क्या?" म्हटलं, "हौ भिया!"

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, एक मोटर चालू ठेवली आणि पहिली फाइल लावली. चढी. दुसरी बरोबर. तिसरी चढी, चौथी चढी, पाचवी इतकी उतरलेली की गाणारा झोपलाय असं वाटावं. मी प्रतापरावांना फोन लावला.

"काका, बसून घ्या. पाचात चार..."

"श्श," ते कुजबुजले. "आत्ता नको. ही गातेय."

त्यांनी फोन तिकडे धरला असावा. मी मोटर बंद केली. शेजारच्या लेथवाल्या खराद्याला हातानेच थांब म्हटलं. लांबून, स्वयंपाकघरातून, केदार येत होता. खरखरीत, पन्नास वर्षांनी उघडलेला, पण धीट. षड्जावर थांबला. वर निघाला. मी श्वास धरला.

आणि तान मधेच थांबली. काकूंचा आवाज आला, खणखणीत:

"अहो, आधी तो फ्रिज बंद करा! पट्टी पाडतोय माझी!"